धर्मगुरू व्हायचे, पण कोणत्या सेमिनरीत?

विशेष प्रतिनिधी

पाबळ (ता. शिरूर) : पाबळहून पुण्याला निघालेली एसटी शिक्रापूरला नगर रस्त्याला लागते आणि कोरेगाव भीमा, वाघोली, खराडी मागे टाकत शहरात शिरते. २०२४ मध्ये मेट्रो जिथवर येऊन पोहोचली, त्या रामवाडीच्या परिसरात पेपल सेमिनरी, डी नोबिली कॉलेज, ज्ञानदीप विद्यापीठ या नावांच्या संस्था आहेत. या रस्त्याने रोज जाणाऱ्या हजारो प्रवाशांपैकी फारच थोड्यांना त्या नावांचा अर्थ ठाऊक असतो. कॅथलिक धर्मगुरू होऊ इच्छिणारे तरुण देशाच्या कानाकोपऱ्यातून येथे शिकायला येतात. त्यांतील एक संस्था तर खुद्द पोपनी स्थापन केलेली आहे.

पाबळ हे काही ख्रिस्ती वस्तीसाठी प्रसिद्ध असलेले गाव नव्हे. मस्तानीची समाधी आणि डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम, ही या गावाची ओळख. परंतु शिरूर-दौंडचा हा टापू पुण्याच्या लष्कर भागातील जुनी चर्चे आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती गावे यांच्या मधोमध येतो. रेल्वेने दौंडला आणि औद्योगिक वसाहतीने रांजणगावला बाहेरगावची माणसे आणली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आली. समजा, अशाच एखाद्या घरातील मुलाने बारावीचा निकाल हातात असताना 'मला धर्मगुरू व्हायचे आहे' असे सांगितले, तर पुढे काय? अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या गल्लीतला कोणीही समजावून सांगेल. या प्रवेशाची माहिती मात्र शेजारी नसते, कोचिंग क्लासमध्ये नसते आणि बऱ्याचदा स्वतःच्या घरातही नसते.

घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : सेमिनरी कोणती घ्यायची? वास्तविक हा प्रश्नच उलट्या बाजूने विचारला जातो. धर्मगुरू होऊ पाहणारा तरुण सेमिनरी निवडत नाही. ती त्याच्यासाठी त्याचे बिशप किंवा त्याचा संघ निवडतो. तरुणाने निवडायचे असते ते त्याच्या आधीचे, आणि कितीतरी अवघड असे काही : आपण कोणाचे धर्मगुरू होणार?

रोपवाटिका

'सेमिनरी' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ रोपवाटिका असा आहे. सोळाव्या शतकापर्यंत युरोपातही धर्मगुरूंच्या शिक्षणाची एकसारखी व्यवस्था नव्हती. कोणी विद्यापीठात शिकून येई, कोणी गावच्या धर्मगुरूच्या हाताखाली लॅटिन प्रार्थना तेवढ्या पाठ करी. मार्टिन ल्यूथरच्या बंडानंतर चर्चला घर सावरावे लागले. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने जुलै १५६३ मध्ये प्रत्येक धर्मप्रांताने स्वतःची सेमिनरी काढावी, असा ठराव केला. गंमत अशी की त्याच्या वीसेक वर्षे आधी, १५४१ मध्ये, गोव्यात स्थानिक मुलांसाठी असे विद्यालय सुरू झाले होते. पुढे ते सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले आणि १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना तेथेच चालू झाला.

तथापि विद्यालय निघाले म्हणून वाट मोकळी झाली, असे नाही. पोर्तुगीज गोव्यात स्थानिकांना धर्मगुरूपद देताना हात आखडता घेतला जाई आणि युरोपीय संघांचे दरवाजे तर त्यांना जवळजवळ बंदच होते. दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रो या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाला गोव्यात दीक्षा नाकारली गेली. त्याने थेट रोम गाठले, तेथे तो शिकला, धर्मगुरू झाला आणि १६३७ मध्ये बिशपही झाला. लॅटिन परंपरेतील हे पहिले भारतीय बिशप. आदिलशाही मुलखाची जबाबदारी घेऊन ते परतले आणि डिचोलीत राहिले. कारण गोव्यातील पोर्तुगीज अधिकारी त्यांना आपल्या हद्दीत मानायला तयार नव्हते. त्यानंतरच्या पिढीत जोसेफ वाझ (१६५१-१७११) यांनी गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंनाच एकत्र आणून वेगळा संघ उभा केला आणि पुढे सिलोनमध्ये, डच राजवटीच्या नजरेआड, आयुष्य वेचले. २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

हा इतिहास येथे मुद्दाम सांगितला, कारण नगर रस्त्यावरच्या पेपल सेमिनरीचे बोधवाक्य त्याशिवाय समजत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये सिलोनमधील कँडी येथे ही सेमिनरी स्थापन केली. 'हे भारता, तुझे स्वतःचे पुत्रच तुझ्या तारणाचे सेवक होतील' असा त्या लॅटिन बोधवाक्याचा आशय आहे. परदेशी मिशनऱ्यांच्या भरवशावर येथील चर्च कायमचे चालवता येणार नाही, हे रोमने त्यात मान्य केले होते. १९२६ मध्ये कँडीच्या या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. भारत आणि सिलोन ही दोन वेगळी स्वतंत्र राष्ट्रे झाल्यानंतर, १९५५ मध्ये, सेमिनरी पुण्यात आली. मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप आणि १९५३ मध्ये झालेले पहिले भारतीय कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस हे कँडीचेच विद्यार्थी.

बिशपांचा की संघाचा?

आता मूळ प्रश्नाकडे. कॅथलिक धर्मगुरू दोन प्रकारचे असतात, आणि हा फरक कळला की सेमिनरींचे अर्धे कोडे सुटते.

पहिला प्रकार धर्मप्रांतीय धर्मगुरूंचा. तो एका विशिष्ट धर्मप्रांताशी आणि त्याच्या बिशपांशी कायमचा जोडलेला असतो. शिरूर, दौंड हा भाग पुणे धर्मप्रांतात मोडतो. १८८६ मध्ये स्थापन झालेला हा राज्यातील जुना धर्मप्रांत. पलीकडचा अहिल्यानगर जिल्हा १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात आहे. म्हणजे घोडनदी ओलांडली की बिशप बदलतात. धर्मप्रांतीय धर्मगुरू बिशपांना आज्ञापालनाचे आणि ब्रह्मचर्याचे वचन देतो, परंतु दारिद्र्याचे व्रत घेत नाही. त्याच्या नावावर बँकेत खाते असू शकते, वडिलोपार्जित जमिनीत त्याचा हिस्सा राहू शकतो. त्याचे आयुष्य मुख्यतः धर्मग्रामांत जाते : मिस्सा, बाप्तिस्मा, लग्ने, अंत्यविधी, शाळा, आणि गावातले तंटे.

दुसरा प्रकार व्रतस्थ संघांतील धर्मगुरूंचा. येशूसंघ म्हणजे जेझुइट, डॉन बॉस्कोंचे सालेशियन, कॅपुचिन, रिडेम्प्टोरिस्ट, डिव्हाइन वर्ड, गोव्यात जन्मलेला पिलार संघ असे कितीतरी. यांची व्रते तीन : दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. त्यांची बदली धर्मप्रांताच्या, राज्याच्या आणि प्रसंगी देशाच्याही बाहेर होते. संघातील धर्मगुरू महाविद्यालयात शिकवत असेल, तर त्याचा पगार त्याचा नसतो, संघाचा असतो. पैसा हातात येत नाही म्हणून त्यावर प्राप्तिकराची कपातही होऊ नये, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो अमान्य केला. व्रत हा संघ आणि व्यक्ती यांच्यातला मामला, कर मात्र पगारावर, असा त्याचा सरळ अर्थ.

व्याख्येपेक्षा माणसांवरून हा फरक लवकर कळतो. उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन : २०२४) हे धर्मप्रांतीय धर्मगुरू. ते वसईचेच, त्यांचे 'सुवार्ता' मासिक वसईचे, आणि हरित वसईसाठी त्यांनी दिलेला लढाही त्याच मातीतला. याउलट नगर जिल्ह्यात 'बाखर बाबा' म्हणून ओळखले गेलेले फादर हर्मन बाखर (१९२४-२०२१) हे येशूसंघाचे. जन्म स्वित्झर्लंडचा, संघाने भारतात पाठवले आणि दुष्काळी गावांत पाणलोट विकासाचे काम उभे करण्यात त्यांचे आयुष्य गेले. पहिल्याला त्याच्या गावाने ठेवून घेतले, दुसऱ्याला संघाने कोठल्या कोठे नेले. आपल्याला यांपैकी कोणते आयुष्य हवे, याचा विचार तरुणाने अर्ज करण्यापूर्वी करायचा असतो. सेमिनरीचे नाव त्यानंतर आपोआप ठरते.

आणखी एक शक्यता बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. संघात जाणारा प्रत्येक पुरुष धर्मगुरू होतोच असे नाही. तीच तीन व्रते घेऊन, पण धर्मगुरूपदाची दीक्षा न घेता, 'ब्रदर' म्हणून राहता येते. भारतात जन्मलेले पहिले संत गोन्सालो गार्सिया हे असेच ब्रदर होते. वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेल्या या माणसाला येशूसंघात जायचे होते, तेथे प्रवेश मिळाला नाही. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्यांना घेतले आणि १५९७ मध्ये जपानात नागासाकी येथे ते हुतात्मा झाले. विवाहित पुरुषाला धर्मगुरू होता येत नाही, मात्र कायमस्वरूपी डीकन होता येते. मुंबई महाधर्मप्रांतात असे डीकन आहेत.

कोण कोठे जातो?

मुंबई महाधर्मप्रांताची सेमिनरी गोरेगावला आहे, सेंट पायस टेन्थ कॉलेज. मुंबईचे माजी आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस तेथेच शिकले. नागपूरमध्ये सेंट चार्ल्स सेमिनरी आहे आणि तिची महती अशी, की ज्या टेकडीवर ती उभी आहे त्या संपूर्ण भागालाच नागपूरकर सेमिनरी हिल्स म्हणतात. तेथे फिरायला जाणाऱ्या कितीजणांना त्या नावातली सेमिनरी पाहिल्याचे आठवते, कोण जाणे. नाशिकची दिव्यदान ही सालेशियनांची तत्त्वज्ञानाची संस्था; इतर संघांचे विद्यार्थीही तेथे जातात.

गोव्यात राशोलची सेमिनरी या साऱ्यांची आजी म्हणावी अशी. साष्टीतील ही वास्तू येशूसंघीयांनी १६०६ पासून उभारली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये येथेच छापले गेले. मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकलेल्या प्रत्येकाने हे गाव परीक्षेपुरते तरी पाठ केलेले असते. १७५९ मध्ये पोर्तुगीजांनी जेझुइटांना हाकलून दिल्यावर ती पुढे धर्मप्रांताकडे आली आणि आजही गोव्याचे धर्मगुरू तेथे घडतात. त्यांची पूर्वतयारी साळगावच्या लहान सेमिनरीत होते.

राहता राहिले पुणे. येथील रचना बाहेरून पाहणाऱ्याला गोंधळात टाकते, कारण राहण्याची जागा एक आणि शिकण्याची दुसरी असते. शिकवण्याचे काम ज्ञानदीप विद्यापीठाचे. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र अशा त्याच्या दोन शाखा. पेपल सेमिनरी हे वेगवेगळ्या धर्मप्रांतांतून आलेल्या मुलांचे निवास आणि घडणीचे ठिकाण, तर डी नोबिली कॉलेज हे येशूसंघाच्या मुलांचे. ज्या रॉबर्टो दे नोबिली (१५७७-१६५६) यांचे नाव त्याला दिले, त्या इटालियन जेझुइटाने मदुराईत भगवी वस्त्रे नेसून, संस्कृत आणि तमिळ शिकून संन्याशासारखे आयुष्य काढले होते. इतर संघांची निवासस्थाने याच परिसरात आहेत. सकाळी सारे एका वर्गात बसतात, संध्याकाळी आपापल्या घरी परततात. वर्गात सिस्टर्स असतात, संसारी स्त्री-पुरुषही असू शकतात.

पुण्यातच बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. १९८३ मध्ये ती यवतमाळहून येथे आली. ही मात्र प्रॉटेस्टंट संस्था आहे. तेथे शिकणाऱ्याला ब्रह्मचर्याची अट नसते, आणि तेथील पदवीने कोणी कॅथलिक धर्मगुरू होत नाही. नामसाधर्म्यामुळे चुकीच्या दारात जाऊ नये, म्हणून हा उल्लेख.

केरळी परंपरेतील कुटुंबांचा मामला जरा वेगळा आहे. सिरो-मलबार पंथाचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये झाला. सिरो-मलंकरा पंथाचे सेंट एफ्रेम-खडकी हे क्षेत्र २०१५ मध्ये निर्माण झाले आणि २०१९ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. आपण कोणत्या पंथाचे, हे जन्माने आणि बाप्तिस्म्याने ठरलेले असते. सेमिनरीच्या सोयीसाठी पंथ बदलता येत नाही.

अर्जापासून दीक्षेपर्यंत

सुरुवात नेहमी आपल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंपासून होते. ते मुलाला धर्मप्रांताच्या किंवा संघाच्या 'व्होकेशन डायरेक्टर'कडे पाठवतात. सुट्टीत काही दिवसांची शिबिरे होतात. 'येऊन पाहा' असे त्यांचे स्वरूप. त्यानंतर अर्ज. बाप्तिस्मा आणि दृढीकरण यांचे दाखले धर्मसंहितेनुसार आवश्यक असतात. आई-वडिलांच्या विवाहाचा दाखला, गुणपत्रिका, वैद्यकीय तपासणी हेही मागितले जाते. आधी दुसऱ्या सेमिनरीतून बाहेर पडलेल्या मुलाबाबत तेथील प्रमुखांचे पत्र लागते, आणि ते का लागते हे सांगायला नको. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीला लगेच दीक्षा मिळत नाही. श्रद्धेची पुरेशी कसोटी लागेपर्यंत थांबावे लागते.

खर्चाचा मुख्य भार धर्मप्रांत किंवा संघ उचलतो, कुटुंबाने ऐपतीप्रमाणे हातभार लावायचा असतो. पैशांअभावी कोणाचा प्रवेश अडतो, अशी ही व्यवस्था नाही. खरा खर्च वर्षांचा आहे. रोमने डिसेंबर २०१६ मध्ये जारी केलेल्या आराखड्यानुसार आधी वर्ष-दोन वर्षांची पूर्वतयारी, मग तत्त्वज्ञान, मग धर्मशास्त्र आणि शेवटी प्रत्यक्ष धर्मग्रामातील उमेदवारी असा क्रम आहे. धर्मसंहितेची किमान अट सहा वर्षांच्या अभ्यासाची. त्यात दोन वर्षे तत्त्वज्ञान, चार वर्षे धर्मशास्त्र. मध्ये बहुधा एखादे वर्ष शाळेत किंवा खेड्यातील केंद्रात काम करायला पाठवतात. संघात जाणाऱ्याला याआधी किमान बारा महिन्यांचे नोव्हिशिएट असते. येशूसंघात ते दोन वर्षांचे असते. बारावीनंतर पदवी घ्यायला लावली, तर आणखी तीन वर्षे. पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय दीक्षा नाही, असा नियम असला तरी प्रत्यक्षात बारावीनंतर गेलेला मुलगा अठ्ठावीस-तिशीच्या आत वेदीपाशी पोहोचणे कठीण. त्याच्याबरोबरचा संगणक अभियंता तोवर फ्लॅटचे हप्ते फेडत असतो.

इतकी वर्षे कशासाठी? पाठांतरासाठी तर नक्कीच नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये या शिक्षणाची चार अंगे सांगितली : मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि सेवाविषयक. त्यांतले 'मानवी' अंग पहिले आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. मुलाला राग आवरतो का, सत्ता हातात आली तर तो कसा वागतो, एकटेपणा त्याला पेलतो का, हे तीन महिन्यांच्या मुलाखतींत कळत नाही. काही धर्मगुरूंनी लहान मुलांवर केलेल्या अत्याचारांची प्रकरणे जगभर उघड झाल्यानंतर या अंगाला फार उशिरा, पण आता खरोखरीचे महत्त्व आले आहे. मानसशास्त्रीय चाचण्या, बालसंरक्षणाचे धडे हे २०१६ च्या आराखड्यात स्पष्टपणे येतात. आपल्या मुलाला पाठवताना पालकांनी याविषयी मोकळेपणी विचारावे. त्यात श्रद्धेचा अवमान नाही.

इंग्रजीचा उंबरठा

शिरूरसारख्या तालुक्यातील मराठी माध्यमाच्या मुलापुढे सर्वांत मोठी अडचण ब्रह्मचर्याची नसते, इंग्रजीची असते. पुण्यासारख्या ठिकाणी तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र इंग्रजीतून शिकवले जाते. प्लेटो, शंकराचार्य, थॉमस अक्वायनस यांच्याशी एकदमच गाठ पडते, तीही परक्या भाषेत. पूर्वतयारीच्या वर्षाचा बराचसा वेळ म्हणूनच इंग्रजीत जातो. आणि यातला विरोधाभास असा, की दीक्षेनंतर नगर जिल्ह्यातल्या किंवा सोलापूरकडच्या धर्मग्रामात त्याला जे काही बोलायचे असते ते मराठीतूनच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात लोटणाऱ्या गर्दीपुढे इंग्रजी धर्मशास्त्राचा काही उपयोग नाही. परप्रांतातून आलेला धर्मगुरू मराठी शिकतो, कधी उत्तम शिकतो. थॉमस स्टीफन्स तर इंग्लंडमधून आले होते. तरीही दशक्रियेच्या सावटातून आलेल्या घराशी, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाशी कसे बोलावे हे ज्याला शिकवावे लागत नाही, असा धर्मगुरू धर्मग्रामाला हवाच असतो. तो मराठी माध्यमातूनच यायचा. त्याला इंग्रजीच्या उंबरठ्यावर ठेच लागून परतावे लागले, तर नुकसान एकट्या त्याचे होत नाही.

जातीचाही प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी दलित पूर्वजांचा. भारतीय कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद असल्याची स्पष्ट कबुली दिली. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. मातेउश द कास्त्रोंना जे दार बंद होते ते वर्णाच्या नावाने होते; आतली दारे अजून सगळी उघडली आहेत, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

परतीची वाट

आत गेलेल्यांपैकी सगळेच धर्मगुरू होत नाहीत. यात सेमिनरीचे अपयश नाही, ती वर्षे त्यासाठीच असतात. मुलगा केव्हाही निघू शकतो. प्रमुखही त्याला निरोप देऊ शकतात. बहुतेक संघांतली सुरुवातीची व्रते ठरावीक मुदतीची असतात, मुदत संपली की मोकळीक मिळते. खरी रेघ डीकनपदाच्या दीक्षेला ओढली जाते. ती धर्मगुरूपदाच्या किमान सहा महिने आधी होते आणि त्याच वेळी ब्रह्मचर्याचे जाहीर बंधन स्वीकारले जाते. त्यानंतर लग्न करायचे तर रोमची परवानगी लागते.

चर्चच्या नियमांत परतीची वाट अशी मोकळी असली तरी गावात ती नसते. 'सेमिनरीतून पळून आला' हे वाक्य कितीतरी चांगल्या शिक्षकांच्या, सामाजिक कार्यकर्त्यांच्या मागे आयुष्यभर लागलेले असते. ज्या आईने धर्मग्रामात पेढे वाटले, तिला मुलगा परत आल्याचे सांगणे जड जाते. आणि केवळ आईला हे सांगावे लागू नये म्हणून एखादा मुलगा मन नसताना पुढे जात राहतो. यापेक्षा वाईट शक्यता नाही. एकुलता एक मुलगा असेल, शेती असेल, तर वडिलांचा विरोध समजण्यासारखा आहे. पण विरोधापेक्षाही घरचा अतिउत्साह अधिक घातक ठरू शकतो, हे या विषयाची माहिती घेताना पुनःपुन्हा जाणवले.

व्यवहाराची एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. सेमिनरीची तत्त्वज्ञान-धर्मशास्त्राची पदवी ही चर्चच्या मान्यतेची असते. नोकरीसाठी, बी.एड.साठी लागते ती सरकारमान्य विद्यापीठाची पदवी, आणि ती वेगळी. अनेक धर्मप्रांत आणि संघ मुलांना ती पदवीही घ्यायला लावतात. आपल्या मुलाला ती कोणत्या वर्षी, कोणत्या विद्यापीठातून मिळणार, हे 'व्होकेशन डायरेक्टर'ना पहिल्याच भेटीत विचारण्यात काहीच गैर नाही.

दीक्षेचा दिवस ठरला, की बिशप उमेदवाराच्या गावातून त्याच्याविषयी माहिती घेतात. लग्नाच्या आधी चर्चमध्ये जशी नावे पुकारतात, तसेच त्याचेही नाव मिस्सेच्या वेळी वाचून दाखवण्याची पद्धत आहे : कोणाला काही हरकत असल्यास सांगावे. विधीच्या आरंभी बिशप विचारतात, हा तरुण योग्य आहे याची खात्री केली आहे का? उत्तर देणारा धर्मगुरू सांगतो की ख्रिस्ती लोकांकडे चौकशी केली आहे, आणि त्याला घडवणाऱ्यांचेही मत तेच आहे.